वस्तऱ्याची वक्र धार आणि ती लावणारे हात

या मालिकेत आपण रोजच्या वापरातल्या वस्तूंचा इतिहास पाहतो आहोत. आजची वस्तू वस्तरा, आणि त्यातही एक खास प्रकार: ज्याची धार सरळ रेषेत नसून मधे किंचित फुगलेली असते, होडीच्या तळासारखी. असा वस्तरा घरच्या घरी पाजवायचा कसा, हा आजचा प्रश्न. विषय ऐकून काही जण हसले असतील. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने वस्तऱ्याला धार लावण्यावर तासभर बोलायचं म्हणजे काय? आम्ही एवढंच सांगतो की या विषयात आम्ही एक चूक केली आहे, आणि ती शेवटी कबूल करणार आहोत. त्या चुकीपर्यंत जायला इतिहासाचा रस्ता लागतो.

सुरुवात जुन्या काळापासून करू. कठोपनिषदात आत्मज्ञानाच्या वाटेला पाजवलेल्या वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. आम्ही ती उपमा वर्गात कित्येक वर्षं समजावून सांगितली. पण वस्तरा पाजवलेला आहे म्हणजे कुणीतरी तो दगडावर पाजवला असणार, हा विचार आमच्या मनात कधी आला नाही. धार दिसते, धार लावणारा दिसत नाही. रोमन लेखक प्लिनीला मात्र तो दिसला होता. पहिल्या शतकातल्या आपल्या निसर्गविषयक ग्रंथात त्याने धारेच्या दगडांचे प्रकार दिले आहेत. काही दगड तेलावर चालतात, काही पाण्यावर, आणि न्हाव्याच्या दुकानातले काही दगड चक्क थुंकीवर, असं तो नोंदवतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही कोणता दगड कशावर चालतो याचं ज्ञान न्हाव्यांकडे होतं.

हे ज्ञान न्हाव्याच्या दुकानातून गिऱ्हाइकाच्या घरी कधी आलं? युरोपपुरतं बोलायचं तर एक पुस्तक नेमकं दाखवता येतं. १७६९ साली पॅरिसमधला सुऱ्या-वस्तरे बनवणारा कारागीर झाँ-झाक पेरे याने ‘पोगोनोतोमी’ नावाचं पुस्तक काढलं. स्वतःची दाढी स्वतः करायला शिकवणारं हे पुस्तक. त्याचं मूळ शीर्षक लांबलचक आहे, आणि त्यात दाढीबरोबरच दोन गोष्टींचं आश्वासन आहे: हत्यारांना धार लावण्याचे दगड कसे ओळखावेत, आणि वस्तरा फिरवायचं चामडं कसं तयार करावं. बघा, पेरेला हे कळलं होतं की नुसता वस्तरा विकून भागत नाही. ज्याला घरी दाढी करायची आहे त्याला घरी धारही राखता आली पाहिजे. नाहीतर दर पंधरवड्याला त्याला पुन्हा न्हाव्याच्याच दारात उभं राहावं लागणार. सुताराच्या रंध्यावरून कल्पना घेऊन त्याने पात्याला लाकडी आडोसा बसवलेला वस्तराही केला होता, म्हणजे नवशिक्याने कापून घेऊ नये.

आता पोलादाकडे वळू. १७४० च्या दशकात इंग्लंडमध्ये शेफिल्डजवळ बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने पोलाद मुशीत पूर्ण वितळवून ओतण्याची रीत बसवली. त्याला घड्याळाच्या कमानींसाठी एकजिनसी पोलाद हवं होतं. गंमत अशी सांगतात की शेफिल्डच्या कारागिरांनी सुरुवातीला ते नाकारलं. फार कठीण आहे, घडवायला त्रास होतो, म्हणाले. मग हंट्समनचं पोलाद फ्रान्सला जाऊ लागलं, तिकडून उत्तम माल येऊ लागला, तेव्हा शेफिल्डकरांचे डोळे उघडले. पुढची शंभर वर्षं शेफिल्डचा वस्तरा जगभर गेला. श्रीमंत घरांत सात वस्तऱ्यांची पेटी असे, प्रत्येकाच्या पाठीवर एकेका वाराचं नाव कोरलेलं.

या कथेत आपलाही एक धागा आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. १७९० च्या दशकात मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे हिंदुस्थानी पोलादाचे गोळे पाठवले. हेच ते ‘वूट्झ’. दक्षिणेत म्हैसूर, सेलम, तेलंगण या भागांत मुशीत होणारं पोलाद. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. जेम्स स्टोडार्ट नावाचा लंडनचा शस्त्रक्रियेची हत्यारं करणारा कारागीर तर त्या पोलादाच्या प्रेमातच पडला. पुढे त्याने एका लोहाराच्या मुलाला हाताशी धरून पोलादात निरनिराळे धातू मिसळण्याचे प्रयोग केले. तो लोहाराचा मुलगा म्हणजे मायकेल फॅरेडे. वीज आणि चुंबकत्वामुळे नाव होण्याआधीचा फॅरेडे. १८२० आणि १८२२ साली दोघांनी ते प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात पोलादात पाचशेव्या भागाइतकी चांदी मिसळल्याची नोंद आहे. पुढे शेफिल्डच्या असंख्य वस्तऱ्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ असा शिक्का दिसतो. त्यातल्या कितींमध्ये खरोखर चांदी होती हा प्रश्न वेगळा. शिक्का विकला जात होता.

मुंबईहून पोलाद गेलं आणि पुढे वस्तरे होऊन मुंबईत परत आले असं आम्ही म्हणणार नाही, इतकी सरळ रेषा इतिहासात नसते. पण शेफिल्डचे वस्तरे मुंबईच्या बाजारात येत होते हे खरं, आणि त्यातला एक आमच्या घरात होता. आजोबांचा. जाड पाठीचा, पाचरीसारखा, आणि धार मधे फुगलेली.

ही फुगलेली धार म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

वस्तऱ्याची रचना हुशारीची असते. सुरीला धार लावताना कोन आपल्याला हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्यात तो कोन पात्यातच बसवलेला असतो. पातं दगडावर आडवं ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात. पाठ ५ मिलिमीटर जाड आणि पातं २० मिलिमीटर रुंद असेल तर धारेचा कोन साधारण १४ अंश येतो. जुन्या जाड पाठीच्या वस्तऱ्यात तो १७ अंशांपर्यंत जातो. म्हणून म्हणतात की वस्तरा पाजवताना पाठ उचलायची नाही. पाठ हीच तुमची पट्टी.

हे सरळ धारेला तंतोतंत लागू पडतं. आता धार फुगलेली आहे असं समजा. पात्याची लांबी ७ सेंटीमीटर आणि मधला फुगवटा दोन्ही टोकांपेक्षा २ मिलिमीटरनी पुढे. म्हणजे ही धार सुमारे एक फूट त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा झाली. पाठ सरळ आहे. असं पातं सपाट दगडावर ठेवलं की फक्त मधला भाग टेकतो. टोकाला आणि टाचेला, म्हणजे मुठीजवळच्या कोपऱ्याला, दगड आणि धार यांच्यात पाव मिलिमीटर फट राहते. पाव मिलिमीटर म्हणजे वहीचे दोन-अडीच कागद. डोळ्यांना ती दिसतसुद्धा नाही. पण चांगल्या तयार धारेच्या कडेची जाडी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते. त्या हिशेबाने ही फट पाचशे पट मोठी आहे. तुम्ही दिवसभर घासत बसलात तरी टोकाला दगडाचा स्पर्शच होणार नाही.

मग माणूस काय करतो? दाब देतो. दाब दिला की मधला भाग आणखी झिजतो, टोकं तशीच बोथट राहतात. चिडून आणखी दाब. शेवटी धार सपाट होते आणि पुढे तर मधे खोलगट. खोलगट धार सर्वांत वाईट, कारण ती गालावर टेकली की आधी दोन्ही कोपरे कातडीत जातात.

बरोबर पद्धत अशी. पातं दगडावर ठेवताना टाचेकडचा भाग टेकवायचा. धार पुढे ठेवून पातं सरकवायचं आणि त्याच वेळी तिरकं ओढत न्यायचं, म्हणजे दगडाच्या एका कोपऱ्यातून निघून समोरच्या कोपऱ्यात पोचायचं. सरकवता सरकवता मूठ अगदी थोडी, केसभर, उचलत जायची, म्हणजे टेकण्याची जागा टाचेकडून मध्यावर आणि मध्यावरून टोकाकडे जाते. परतताना उलट बाजू, तोच क्रम. पोळी लाटताना लाटण्याचा जोर एका हातातून दुसऱ्या हातात जातो ना, तसं. हातात दाब नाही, पात्याचं स्वतःचं वजन पुरे. पाठीला पातळ चिकटपट्टीचा एक थर लावला तर पाठ झिजत नाही. फक्त तो थर दगड बदलताना तसाच ठेवायचा, नाहीतर कोन बदलतो.

आपला हात बरोबर चालला आहे की नाही, हे कळायचं कसं? धारेला शाईच्या मार्कर पेनाने एक रेघ ओढा आणि एकदाच पातं फिरवा. जिथली शाई गेली तिथे दगड लागला. जिथे शाई आहे तिथे तुमचा गैरसमज आहे. इतका प्रामाणिक परीक्षक आम्हाला विद्यापीठातही भेटला नाही.

दगडांचा क्रम असा ठेवावा. धार साफ बसलेली असेल तर जाड दगडाकडे जायचंच नाही. बसवायची असेल तर १००० क्रमांकाच्या आसपासचा दगड, मग ४००० किंवा ५०००, मग ८०००, आणि शेवटी १२००० किंवा एखादा चांगला नैसर्गिक दगड. पहिल्या दगडावर पूर्ण लांबीची कड बसल्याशिवाय पुढे जाऊ नये. पुढचे दगड नुसते ओरखडे बारीक करतात, चूक दुरुस्त करत नाहीत. नैसर्गिक दगडांत बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळसर कोटिक्यूल प्रसिद्ध. त्यात गार्नेटचे बारीक कण असतात, तेच पोलाद खातात. जुने न्हावी वापरत ते दगड बऱ्याचदा अरुंद असत, आणि वक्र धारेला अरुंद दगड सोयीचा पडतो, कारण एका वेळी लागणारी जागाच लहान असते. बाजारात आज मिळणारा रुंद, गुळगुळीत दगड सरळ धारेच्या नव्या वस्तऱ्यासाठी उत्तम आहे, जुन्यासाठी तो अवघड पडतो.

शेवटी पट्टा. आधी कापडावर २०-२५ वेळा, मग चामड्यावर ५०-६० वेळा. इथे दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. वळताना पातं पाठीवरून उलटायचं, धारेवरून कधीही नाही; एका चुकीच्या वळणाने पट्टाही कापतो आणि धारही जाते. वापर झाल्यावर पातं पुसून कोरडं करायचं आणि तेलाचं बोट फिरवायचं. आपल्या पावसाळ्यात हे चुकलं तर आठ दिवसांत गंज धरतो. आणि हो, धार अंगठ्यावर तपासू नका. डोक्यावरचा एक केस तोडून धारेवर टेकवा, तुटला तर झालं. घरात लहान मूल असेल तर हा सगळा उद्योग दार लावून करा.

आता पुन्हा इतिहासाकडे. ही रोजची कटकट ज्याने ओळखली त्याने पैसा केला. १७९० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज पॅकवुड वस्तऱ्याच्या पट्ट्याच्या एवढ्या चटकदार जाहिराती देत असे की १७९६ साली त्याने त्यांचं पुस्तकच काढलं. आणि मग अमेरिकेत किंग कँप जिलेट आला. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्याचे ५१ दांडे आणि १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी दांड्यांचा आकडा नव्वद हजारांवर गेला. त्याच्या जाहिरातीचा मुद्दा काय होता? दगड नको, पट्टा नको. म्हणजे पेरेने १७६९ साली जे ज्ञान गिऱ्हाइकाच्या हातात दिलं होतं ते जिलेटने परत काढून घेतलं आणि कारखान्यात ठेवलं. गिऱ्हाईक खूश होतं. आम्हीही खूश होतो, आयुष्यभर पाती विकत घेऊन फेकली. यात कुणाला दोष देत नाही. पण धार लावता येणं आणि धार विकत घेणं यात फरक आहे, तो विसरला गेला.

आपल्याकडे हा फरक आणखी एका कारणाने विसरला गेला. आपल्या गावगाड्यात धार लावणं हे ज्ञान मानलंच नव्हतं, ते बलुतं होतं. न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, दगड, कातडं, वाटी, आरसा, एवढा सगळा संसार असे, आणि वर्षाच्या शेवटी त्याला धान्य मिळे. त्या वस्तऱ्याचा वापर कशासाठी होतो याचा विचार त्या लोकांनी केला नव्हता असं मात्र समजू नका. १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी सभा घेऊन विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं. नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. सुशिक्षितांच्या सभांत या रूढीवर वाद चालू असताना ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला. नीतिशास्त्राच्या अभ्यासक्रमात हे उदाहरण आम्ही कधी शिकवलं नाही. शिकवायला हवं होतं.

आता आमची चूक.

निवृत्तीनंतर आजोबांचा वस्तरा हाती आला. धार फुगलेली पाहून आम्ही ठरवलं की हा झिजून वाकडा झाला आहे, सरळ केला पाहिजे. रुंद दगड आणला. पाठ उचलायची नाही हा नियम वाचला होता, तो कसोशीने पाळला. दोन महिने रोज अर्धा तास घासत होतो. धार सरळ झाली. दीड-दोन मिलिमीटर पोलाद दगडावरच्या काळ्या पाण्यात वाहून गेलं, पाठीवर सपाट चकाकणारे पट्टे पडले. दाढी मात्र होईना.

गावी गेलो तेव्हा वस्तरा तात्यांना दाखवला. तात्या आमच्या घरच्या जुन्या न्हाव्यांचे चिरंजीव, आमच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे. त्यांनी पातं उजेडात धरलं, पाठीवरून बोट फिरवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “सर, हे कुणी केलं?” आम्ही म्हटलं, आम्हीच. ते म्हणाले, “आमचे आबा लावायचे ह्याची धार. दर पंधरा दिवसांनी, तुमच्या ओटीवर बसून. त्यांचा हात असाच गोल चालायचा. त्यांच्या सगळ्या वस्तऱ्यांची धार अशीच होती.”

मंडळी, आम्हाला काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. त्या पात्याच्या फुगवट्यात शेफिल्डच्या कारागिराचा वाटा किती आणि आबांच्या हाताचा किती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, कारण तो पुरावा आम्ही स्वतः घासून टाकला. पात्यावर शेफिल्डच्या कारखान्याचं नाव कोरलेलं आहे. घरी येऊन आजोबांच्या हिशेबाच्या वह्या काढल्या. त्यात ‘न्हावी’ म्हणून धान्याची नोंद आहे, दरवर्षी. नाव एकाही पानावर नाही. चाळीस वर्षं दर पंधरवड्याला आमच्या ओटीवर बसलेल्या माणसाच्या हाताची आमच्या घरात उरलेली एकच खूण म्हणजे ती वक्र धार, आणि ती आम्ही दोष समजून दुरुस्त केली.

ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात पाचव्या भागात एक दृष्टांत आहे. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची पट्टी वापरत. दगड जसा असेल तशी ती वाकते. न्याय करताना नियम असा हवा, असं तो म्हणतो; जिथे सरसकट नियम अपुरा पडतो तिथे प्रकरणाचा आकार पाहून वाकणारा. आम्ही तीस वर्षं हे शिकवलं. परीक्षेत प्रश्न काढला, उत्तरं तपासली. आणि हातात वाकडी वस्तू आली तेव्हा सरळ दगड घेऊन तिलाच सरळ केलं. नियम पाळला म्हणून खूशही होतो.

तात्यांनी मात्र सुनावलं नाही. आतून आबांचा दगड आणला, अरुंद, मधे किंचित उंच राहिलेला, वापरून वापरून कडा झिजलेला. पाणी शिंपडलं आणि आमचा हात धरून पातं फिरवून दाखवलं. “मूठ उचला. जास्त नको. पात्याला कुठं जायचंय ते त्याला कळतं,” म्हणाले. त्या दुपारी दोन तास शिकवणी झाली. टोक आणि टाच हळूहळू थोडी मागे घेतली तर काही वर्षांत फुगवटा पुन्हा येईल, असं ते म्हणाले. तो आबांचा नसेल, हे दोघांनाही कळत होतं. त्यावर कुणी बोललं नाही.

तेव्हा घरी जुना वस्तरा असेल आणि धार वाकडी दिसली, तर आधी थांबा. शाईची रेघ ओढा, पाठीची झीज बघा, आणि तो कोण पाजवत होतं हे घरातल्या, गावातल्या जुन्या माणसांना विचारा. नाव मिळालं तर लिहून ठेवा. आमच्या आजोबांच्या वहीत शेवटच्या कोऱ्या पानावर आता तात्यांच्या आबांचं नाव आहे. शाई नवी आहे, पण नोंद झाली.

आज इथेच थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, दगडांबद्दल असले तरी चालतील.